एनबीटी स्लाइडवर निळं दिसलं नाही, तर आधी स्वतःला तपासा

एनबीटी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू मारू शकतात का, हे निळ्या रंगावरून सांगणारी तपासणी. तिचा नमुना येणार असेल त्या दिवशी मी सकाळीच तुलनेसाठी एक निरोगी माणूस ठरवून ठेवते. परळच्या आमच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा माझाच दंड पुढे होतो. नमुना कल्याण-विरारहून येणार असेल तर मात्र माझं ताजं रक्त तुलनेला चालत नाही. तिकडच्याच एखाद्या निरोगी माणसाचं रक्त त्याच वेळी घेऊन, त्याच पिशवीतून पाठवायला सांगा. नात्यातलं कोणी नको. दोन्ही नळ्यांनी सारखाच प्रवास केला पाहिजे.

नळी हेपॅरिनची, हिरव्या झाकणाची. बर्फात ठेवायची नाही. पावसात लोकल अडकली आणि नमुना संध्याकाळी पोचला, तर मी तो लावत नाही, पुन्हा मागवते. बाळाला परत सुई टोचायची म्हणून जीव तुटतो, पण चुकीच्या रिपोर्टपेक्षा ते बरं.

आपण नेमकं काय बघतोय हे डोक्यात पक्कं ठेवा. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते, तेव्हा तिच्यातलं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइड बनवतं. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि पुढे मायलोपेरॉक्सिडेज त्याचं हायपोक्लोरस आम्ल करतं. भांडुपला आपल्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन मिसळतात, तेव्हा पाण्यात तयार होणारं आम्ल हेच. पुवाला हिरवट छटा येते तीही या मायलोपेरॉक्सिडेजमुळे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा जन्मजात आजार असलेल्या मुलांत पहिली पायरीच मोडलेली असते. पेशी जंतू गिळते, पण मारू शकत नाही. मग स्टॅफिलोकोकसचे गळू, अ‍ॅस्परजिलस बुरशीचा न्यूमोनिया अशी दुखणी पुन्हा पुन्हा येतात.

आता स्लाइड. रक्ताचा थेंब काचेवर ठेवून ओलसर डब्यात, ३७ अंशांवर, साधारण अर्धा तास. न्यूट्रोफिल काचेला चिकटतात, बाकीचं सलाइनने धुऊन काढायचं. इथे बहुतेकांचा हात जड पडतो. धार थेट थेंबावर सोडू नका, काच तिरकी धरून कडेने ओघळू द्या. मग पिवळं एनबीटी, म्हणजे सुपरऑक्साइडने निळं होणारं रंगद्रव्य, आणि पेशीला चेतवणारं पीएमए घालून पुन्हा ३७ अंशांवर. पीएमए उजेडापासून जपा आणि हातमोजे घातल्याशिवाय हाताळू नका, ते घातक आहे. शेवटी मिथेनॉल, सॅफ्रानिनचा लाल रंग आणि शंभर न्यूट्रोफिलांची मोजणी. १९६८ साली बेहनर आणि नेथन यांनी ही तपासणी या आजाराच्या निदानासाठी मांडली. आज डीएचआर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींची चमक यंत्राने मोजणारी तपासणी, जास्त अचूक मानतात आणि ती मिळत असेल तर जरूर करा. पण मायलोपेरॉक्सिडेज कमी असलं तर डीएचआर फसवू शकते. एनबीटीचा रंग थेट सुपरऑक्साइडवर येतो, म्हणून अशा वेळी आमची जुनी स्लाइड उपयोगी पडते.

निरोगी माणसाच्या जवळजवळ सगळ्या पेशींत गडद निळे कण दिसतात. ते दिसले नाहीत तर पीएमए गेलं असं समजा आणि बाळाची स्लाइड वाचूच नका. तुलनेची स्लाइड निळी आणि बाळाची कोरी, तरीही मी नवीन नमुन्यावर पुन्हा करते. मगच सही.

मुलगा असेल तर आईची स्लाइडही मागा. जनुकदोष एक्स गुणसूत्रावर असेल तर तिच्या काही पेशी निळ्या, काही कोऱ्या, शेजारीशेजारी दिसतात. एका बाळाला डाव्या काखेत बीसीजीनंतर मोठी गाठ आली म्हणून पाठवलं होतं. त्याची स्लाइड कोरी होती आणि आईची अशी मिश्र. नमुना देताना ती सात महिन्यांची गरोदर होती. रिपोर्ट खिडकीवर ठेवून मी थांबले नाही, डॉक्टरांना त्याच दुपारी फोन केला, कारण आपल्याकडे बीसीजी ही जिवंत जंतूंची लस जन्मल्यावर लगेच टोचतात. दुसऱ्या बाळाची तपासणी त्याआधी व्हायला हवी होती.