प्रिन्सच्या आफ्टरशोची रेकॉर्डिंग्ज जमवताय? या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवा मुलगा मला हार्ड डिस्क दाखवायला येतो. "दादा, चारशे शो झाले." मी कुठलाही एक फोल्डर उघडतो. आत 'ट्रॅक 01' ते 'ट्रॅक 14'. तारीख नाही, गाव नाही, कोणी रेकॉर्ड केलं ते नाही, कुणाकडून आलं तेही नाही. यातले ऐकलेस किती, असं विचारलं की विषय बदलतो.

नवख्यांसाठी थोडक्यात: प्रिन्स हा अमेरिकन गायक-गिटारवादक मोठ्या स्टेडियममध्ये ठरलेला शो करायचा आणि त्याच रात्री एक-दोन वाजता एखाद्या छोट्या क्लबमध्ये पुन्हा उभा राहायचा. हाच आफ्टरशो. तिथे गाजलेली गाणी बहुतेक गायब असायची. एकच ठेका पंधरा-पंधरा मिनिटं चालायचा, मधेच दुसऱ्याचं गाणं यायचं, कधी तो नुसता गिटार घेऊन बाजूला उभा असायचा. गर्दीत कोणाच्या तरी खिशात रेकॉर्डर असायचा, म्हणून आज आपल्याकडे ऐकायला काहीतरी आहे. ते जपण्याऐवजी लोक त्याचं काय करतात ते बघून माझं डोकं फिरतं. पहिला नंबर माझाच आहे, म्हणून सुरुवात स्वतःपासून.

मूळ फाइल 'साफ' करणे

2002 साल, डोंबिवली. हॉलंडच्या एका गड्याला मी दोन कोऱ्या टीडीके एसए 90 कॅसेट आणि परतीच्या टपालाचे पैसे पाठवले. तेव्हाचा व्यवहार असाच असे: एक कॅसेट त्याने ठेवायची, दुसरी भरून परत पाठवायची. तीन महिन्यांनी पाकीट आलं. 1988 च्या युरोप दौऱ्यातला एक आफ्टरशो, ऑडियन्स टेप (गर्दीत उभं राहून भरलेली), तिसऱ्या पिढीची, म्हणजे कॉपीच्या कॉपीची कॉपी. कढईत भजी सोडल्यावर येते तशी चर्र सतत मागे. पण बास असा की खुर्ची हलावी.

मी ती कॉम्प्युटरवर घेतली आणि मला शहाणपण सुचलं. आवाज स्वच्छ करायचं सॉफ्टवेअर नुकतंच हाती आलं होतं. दोन गाण्यांमधला चर्र आवाजाचा तुकडा नमुना म्हणून दिला, पट्टी शेवटपर्यंत ओढली आणि बटण दाबलं. चर्र गेली. तिच्याबरोबर हाय-हॅट (ड्रमवरची ठेका धरणारी झांजांची जोडी) गेली, झांजा गेल्या, टाळ्यांचे बुडबुडे झाले. फंक म्हणजे ठेक्यावर चालणारं संगीत, त्यातून हाय-हॅट काढणं म्हणजे आमटीतून फोडणी काढणं. पण मला काय ते भारी वाटलं! मूळ फाइल नऊशे एमबीची, डिस्क वीस जीबीची, तीही भरलेली. मूळ फाइल पुसली, साफ केलेली सीडीवर जाळली आणि पाच-सहा जणांना मोठ्या अभिमानाने वाटली.

2009 मध्ये एकाने मला मोठ्या कौतुकाने एक शो पाठवला. 'नव्याने सापडलेली पहिल्या पिढीची टेप, रीमास्टर्ड', वर सुंदर कव्हर. हेडफोन लावला. तिसऱ्या गाण्यात बास एकटा वाजत असताना मागून आवाज आला: टिडिक टिडिक टिडिक, टर्रर्र. फोन येण्याआधी स्पीकरमध्ये व्हायचा ना, तोच. 1988 च्या युरोपात जीएसएम मोबाइल कुठून येणार? तो माझा नोकिया होता, साउंड कार्डच्या वायरीशेजारी ठेवलेला. सात वर्षांत माझंच पाप नवे कपडे घालून, खोटं कुळ लावून माझ्या दारात परत आलं होतं. मधे कोणीतरी त्यावर आणखी ट्रेबलही चढवला होता.

तेव्हापासूनची माझी सवय: टेप वाजली की पहिली फाइल जशीच्या तशी फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता साठवणारा फाइलचा प्रकार), दोन डिस्कवर, आणि तिला हात नाही. जे काय खेळ करायचे ते कॉपीवर. साफ केलेली कॉपी कोणाला देताना नावातच 'साफ केलेली' असं लिहितो. घाईत असलेल्यांना हे सांगून उपयोग होत नाही, त्यांना चर्र सहन होत नाही. ज्याला चर्र सहन होत नाही त्याने अधिकृत सीडी घ्यावी. 2002 च्या 'वन नाइट अलोन... लाइव्ह' संचातली एक अख्खी डिस्क आफ्टरशोची आहे, आणि 2007 च्या लंडनमधल्या रात्रींची 'इंडिगो नाइट्स' 2008 मध्ये आली.

तारखेचा घोळ

आफ्टरशो मध्यरात्रीनंतर सुरू होतो, त्यामुळे एकाच शोला दोन तारखा चिकटतात. द हेगच्या पार्ड फान त्रोय क्लबमधला 1988 चा शो घ्या. कोणी 18 ऑगस्ट लिहितो, कोणी 19. दोघंही बरोबर, आणि दोघांच्या फोल्डरमध्ये तेच. (तो थेट साउंड मिक्सरवरून घेतलेला आहे, म्हणून काचेसारखा स्वच्छ. नवखे नेमकी तिथून सुरुवात करतात आणि मग आयुष्यभर ऑडियन्स टेपला नाकं मुरडतात.)

त्यात अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. लंडनची 2007 ची 21 रात्रींची मालिका 1 ऑगस्टपासून 21 सप्टेंबरपर्यंत चालली, आणि आफ्टरशो ओटू अरेनाच्याच आवारातल्या इंडिगोटूमध्ये. आता '08/09' म्हणजे 8 सप्टेंबर की 9 ऑगस्ट? दोन्ही तारखा मालिकेच्या आतच बसतात. माझ्याकडे इंडिगोचे तीन फोल्डर होते, तीन वेगवेगळ्या तारखांचे. चार वर्षं मी ते तीन शो म्हणून मोजत होतो. एका रात्री भांडी घासताना एक लावला. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी माइकजवळ ग्लास फुटला आणि कोणीतरी म्हणालं, "सॉरी मेट." मला वाटलं, हे ऐकलंय. बाकीचे दोन लावले. तोच ग्लास, तोच मेट. एकाच माणसाचं एकच रेकॉर्डिंग, तीन नावांनी.

माझा उपाय आपल्या पंचांगातला आहे. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, तोच हिशोब मी लावतो. मुख्य शो ज्या संध्याकाळी झाला ती तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे 'पहाटे'. कोणाला पटत नसेल तर त्याने आपली पद्धत ठेवावी, पण एकच ठेवावी. आणि नवीन फोल्डर आला की आधी गर्दी ऐका. गाणी सगळ्या रात्री सारखी वाटू शकतात, शिट्टी मारणारा माणूस सारखा नसतो.

कुळ न विचारणे

लग्न जमवताना चार पिढ्या विचारता, मग फाइलला का नाही? कुठला माइक, कुठला रेकॉर्डर, कितवी कॉपी, कोणी कॉम्प्युटरवर घेतली. चार ओळींची टेक्स्ट फाइल. ती आली नाही तर मी मागतो. मागूनही नाही आली तर 'माहीत नाही' असं लिहून ठेवतो, स्वतः अंदाज ठोकत नाही. माझी नोकियावाली टेप अशाच कोणाच्या तरी अंदाजाने पहिल्या पिढीची झाली.

एमपी3 ला फ्लॅक म्हणणे

एमपी3 चं फ्लॅक केलं की फाइल जाड होते, एमपी3 करताना गेलेला आवाज परत येत नाही. स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) काढा. 128 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये साधारण 16 किलोहर्ट्झच्या वर विळीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. पण हे शिकलेला पोरगा लगेच दिसेल त्याला 'नकली' म्हणत सुटतो. जुन्या कॅसेटमध्ये मुळातच वर फारसं काही नसतं, ते हळूहळू विरत जातं. आणि मिनीडिस्क (छोटी डिजिटल डिस्क) तर रेकॉर्ड होतानाच आवाजातला काही भाग टाकून साठवते, तो जन्मजात दोष आहे, त्याला लबाडी म्हणू नका.

वेग न तपासणे

रेकॉर्डरची बॅटरी उतरत गेली की टेप हळू फिरते, आणि नंतर नेहमीच्या वेगाने लावल्यावर सगळं चढत जातं. शेवटच्या गाण्यात प्रिन्स फारच वरच्या पट्टीत गातोय असं वाटलं तर आधी बॅटरीवर संशय घ्या, कारण हा माणूस तसाही वर गातो, आवाजावरून कळणार नाही. मी कीबोर्डचा लांब सूर पकडून फोनवरच्या ट्यूनरला लावतो, शोच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के. दुरुस्ती पुन्हा कॉपीवरच.

बाकी किरकोळ

डॉल्बी (कॅसेट डेकवरची चर्र कमी करायची सोय) लावून भरलेली टेप डॉल्बीशिवाय लावली की कर्कश लागते, उलट केलं तर गोधडीखालून आल्यासारखी. दोन्ही ऐकून बघा, लेबलवर विश्वास ठेवू नका.

पावसाळ्यात कॅसेट माळ्यावर ठेवू नका. पांढरी बुरशी रिळावर आधी काठाने दिसते, तशी कॅसेट प्लेअरमध्ये घातलीत तर हेडही खराब होईल.

पैसे देऊ नका, घेऊ नका. प्रिन्सला हा सगळाच प्रकार मान्य नव्हता. जानेवारी 2014 मध्ये त्याने अशा रेकॉर्डिंगच्या लिंक दिल्याबद्दल 22 जणांवर प्रत्येकी दहा लाख डॉलरचा दावा ठोकला होता, काही दिवसांत मागेही घेतला. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने टेप करणाऱ्यांना वेगळी जागा दिली तशी मोकळीक इथे कधीच नव्हती. ऐकणाऱ्याने निदान धंदा तरी करू नये.

आणि कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडा. आल्या दिवशी मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. मी त्या 1988 च्या टेपच्या मोडल्या नव्हत्या. 2009 मध्ये नोकिया ओळखल्यावर मूळ कॅसेट शोधायला घरी गेलो, तर आईने ती जपून ठेवली होती, देवघराच्या खणात. 2004 च्या गणपतीत दोन्ही बाजूंना आरत्या भरल्या होत्या, शेजारच्या काकू, मावशी, झांजा, सगळं. ए बाजू शेवटपर्यंत भरलेली. बी बाजूला मंत्रपुष्पांजली संपते, खट् असा आवाज होतो, आणि मधूनच कुठल्यातरी क्लबमधली टाळी सुरू होते. पुढे सहा मिनिटं बास. ती मी जशीच्या तशी घेतली, चर्रसकट. टेक्स्ट फाइलमध्ये कुळ नीट लिहिलंय, काकूंसह.