'अ ट्रिक ऑफ द टेल' कसा ऐकावा

1975 मध्ये गायक पीटर गॅब्रिएलने जेनेसिस हा ब्रिटिश रॉक बँड सोडला आणि ड्रमवाला फिल कॉलिन्स मुख्य गायक झाला. 1976 चा हा अल्बम त्या वळणावरचा. लोकलच्या खडखडाटात ऐकू नका. आमच्या दादरला रात्री साडेअकरानंतर रस्ता जरा निवतो, तेव्हा मी हेडफोन लावते. पहिल्या 'डान्स ऑन अ व्होल्केनो'त बोटांवर 7 मात्रा मोजा. सात मात्रांचा रूपक ताल येत असेल तर सोपं जाईल, फक्त त्याची खाली-भरी (टाळीविना आणि टाळीच्या जागा) इथे शोधू नका. मग 'स्क्वॉन्क'चे जड ड्रम मनात पक्के बसू द्या. गाण्यांचा क्रम बदलू नका: शेवटच्या 'लॉस एंडोस'मध्ये या दोन्हींच्या धुना परततात. अगदी शेवटी आवाज वाढवा. कॉलिन्स 'सपर्स रेडी'तल्या ओळी गातो. मी तो गॅब्रिएलला दिलेला निरोप मानते. त्यासाठी 1972 च्या 'फॉक्सट्रॉट'मधलं ते लांबलचक गाणं आधी ऐकून ठेवाच.