तत्त्वज्ञानात बी.ए. करताय? कामाची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक संमतीपत्र आलं. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाने ज्यावर सही करायची, ते. त्यात वाक्य होतं, 'आपली निवड यादृच्छिक पद्धतीने केली जाईल.' भाषांतर चूक नव्हतं. पण ऊसतोडीहून परतलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? मी शेजारी लिहिलं, 'तुम्हाला नवं औषध मिळेल की नेहमीचं, हे तुम्ही ठरवणार नाही आणि डॉक्टरही ठरवणार नाहीत. नाणं उडवून छापा-काटा करावा, तसं ते ठरेल.' माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटचं म्हणणं मी एम.ए.ला परीक्षेपुरतं लिहिलं होतं. त्याचा अर्थ अशा कागदांवर रोज नव्याने कळतो.

मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या नीतिसमितीचं, ऑफिस सांभाळते. असं काम असतं, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते.

औषधचाचण्यांच्या 2019च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य लागतात. डॉक्टरांबरोबर एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांपैकी कुणीतरी एक. म्हणजे आपल्या विषयाचं नाव थेट नियमात आहे. पण सदस्यत्वावर घर चालत नाही. पगार असतो तो ऑफिसातल्या कोऑर्डिनेटरला. प्रस्ताव वाचणं, त्रुटी काढणं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, हे त्याचं काम. त्यासाठी 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चं, म्हणजे औषधचाचण्या नीट कशा करायच्या याच्या नियमांचं, प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते ऑनलाइनही होतं.

बहुतेकांना प्राध्यापक व्हायचं असतं. जरूर व्हा, पण डोळे उघडे ठेवून. मी दोन वर्षं एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं. मुलांना न्यायदर्शनातलं अनुमान शिकवताना तास कधी संपला ते कळायचं नाही. पण मानधन वर्ष संपल्यावर हातात आलं आणि तोवर खोलीचं भाडं आईने भरलं. म्हणून एम.ए.ला असतानाच नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या मागे लागा. नेटचे दोन्ही पेपर मिळून 300 गुण, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. पहिला पेपर सगळ्यांना सारखा असतो. त्यातलं तर्क आणि अनुमान आपल्या घरचंच आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023पासून महिना 37 हजार आहेत. तेवढ्यावर पीएच.डी. करता येते.

स्पर्धा परीक्षांचं थोडक्यात सांगते. यूपीएससीत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर. शिवाय नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सगळ्यांनाच असतो आणि त्यात निम्म्याच्या आसपास गुण प्रसंगांवरच्या प्रश्नांना असतात. आपल्याला इथे फायदा आहे, पण किती वर्षं द्यायची ते आधी कागदावर लिहून घरच्यांना दाखवा.

वकिलीकडे मात्र आपली मुलं फार कमी वळतात, याचं मला वाईट वाटतं. बी.ए.नंतर सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. त्या सीईटीत तर्काचे प्रश्न असतात, आणि पुढे जन्मभर तेच करायचं असतं: हा मुद्दा त्या मुद्द्यातून खरंच निघतो का?

भाषा चांगली असेल तर भाषांतर, संपादन, कोशातल्या नोंदी. वाईच्या मराठी विश्वकोशात तत्त्वज्ञानाचं स्वतंत्र ज्ञानमंडळ, म्हणजे त्या विषयाच्या नोंदींचं काम पाहणारा गट, आहे. नोंद लिहायला घेतली की आपल्याला काय नीट समजलेलं नाही ते पहिल्या परिच्छेदातच उघडं पडतं. आधी त्यांच्या चार नोंदी वाचा.

आता तयारी. रोजच्या पेपरातला अग्रलेख घ्या. निष्कर्ष अधोरेखित करा. त्याची कारणं क्रमाने लिहा. मग जे लिहिलेलं नाही, पण धरून चाललेलं आहे, ते शोधा. शेवटी 200 शब्दांत सगळं मांडा, असं की तुमच्या शेजारच्या काकूंना कळेल. आठवड्याला एक केलंत तरी वर्षाअखेर चाळीसेक होतील. त्यांतले सर्वांत चांगले तीन अर्जाला जोडा. मी ज्यांचे अर्ज वाचते, त्यांत 'चिंतनाची आवड' असं बरेच जण लिहितात. त्याऐवजी 'वीस पानी अहवालाचा एक पानी गोषवारा करू शकतो' असं लिहा आणि तो सोबत जोडा.

बरोबर दुसरं एक काहीतरी शिका: संख्याशास्त्राची तोंडओळख, कायदा, किंवा इंग्रजी-मराठी भाषांतर. तिन्ही नकोत. एकच, पण नेटाने.

एथिक्स कमिटीचं काम करून पाहावंसं वाटलं, तर जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयात जा आणि एथिक्स कमिटीच्या कोऑर्डिनेटरला भेटायचंय म्हणून सांगा. बैठकीच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. त्यानंतरच्या आठवड्यात जा, आणि संमतीपत्राचा एखादा कोरा नमुना वाचायला मागा.