कोकणात अंगणातल्या तळ्यात मासे कुठले सोडाल?

दुकानात रंगीत कोई मासा बघितला की मन त्याच्यावरच बसतं, पण आपल्याकडे तळ्यातला मासा रंग बघून नाही तर पाऊस आणि लाईट बघून घ्यावा. जूनमध्ये तारेवर माड पडला की लाईट कधी येईल सांगता येत नाही, पंप बंद म्हणजे हवा बंद, आणि मे महिन्यात तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला तीन-चार फूट खोल पाणी, दणकट फिल्टर सगळंच लागतं, वर तळ उकरायची खोड असल्यामुळे कमळाची कुंडी पण सुखाने राहू देत नाही. इन्व्हर्टर आणि मोठी जागा असेल तरच नाद करा.

लहान हौद असेल तर माझं पहिलं मत गुरामीला. हा मासा वर येऊन तोंडाने बाहेरची हवा घेतो, कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळा अवयवच असतो, म्हणून पंप बंद पडला तरी टिकून राहतो. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) जांभ्यातलं मऊ पाणी त्याला मानवतं. खाडीजवळ विहीर मचूळ असेल तर मात्र मॉली घ्या, थोडा खारटपणा तिला उलट चालतो. गप्पी कुठेही जगतात आणि डासांच्या अळ्या खातात, आरोग्य खातं उगाच वाटत नाही ते. पिल्लं मात्र इतकी होतात की विचारू नका! सोबत कॉमेट जातीचे दोन-चार गोल्डफिश ठेवलेत तर ते बरीचशी पिल्लं मटकावतात, पण मग तळं पण मोठं हवं, कॉमेट चांगले फूटभर होतात. ओरांडा वगैरे गोलमटोल जाती काचेच्या टाकीतच बऱ्या, बाहेर खंड्या टिपून नेतो.

तळ्यावर जाळं लावायचं तर ताणून लावा, सैल जाळ्यात दिवड, म्हणजे पाणसाप, अडकून मरते बिचारी.

नवीन सिमेंटचा हौद असेल तर घाई नको, पाणी भरून दोन-तीन वेळा बदला, केळीचे खुंट टाकून ठेवायची पद्धत आहेच. खरेदी शक्यतो गणपतीनंतर, पाऊस ओसरल्यावर. दुकानात पंख मिटून कोपऱ्यात बसलेला किंवा दगडाला अंग घासणारा मासा दिसला तर त्या टाकीतला एकही घेऊ नका, स्वस्तात देतो म्हणाला तरी. घरी आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा आणि मग हळूहळू तळ्यातलं पाणी मिसळून सोडा.

आणि पागोळ्यांचं पाणी तळ्यात पडू देऊ नका, जास्तीचं पाणी जायच्या पाईपला बारीक जाळी बसवा, नाहीतर पहिल्याच मुसळधार पावसात गप्पी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, पोचतात आणि तिथल्या गावठी माशांची अंडी-पिल्लं खातात. जास्त झालेले मासे शेजाऱ्यांच्या हौदासाठी द्या, पण व्हाळात नको.