डॉट्रीचा पहिला अल्बम वही घेऊन ऐका

माझ्याकडे गिटार शिकणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी दर वर्षी टीव्हीवरच्या स्पर्धेच्या ऑडिशनला जातं. दुसऱ्यांची वीस गाणी तोंडपाठ, वरचा सूर खणखणीत, पण स्वतःचं गाणं एकही नाही. अशांना मी क्रिस डॉट्रीचा पहिला अल्बम ऐकायला लावतो. मोटारींच्या डीलरकडे सर्व्हिस विभागात नोकरी करणारा नॉर्थ कॅरोलिनाचा हा गायक मे २००६ मध्ये 'अमेरिकन आयडॉल'मधून चौथ्या क्रमांकावर बाहेर पडला. 'फ्युएल' बँडने त्याला गायक म्हणून बोलावलं, ते त्याने नाकारलं. नोव्हेंबरात 'डॉट्री' हा अल्बम आला.

पहिल्यांदा बाराही गाणी क्रमाने, सलग ऐका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. स्पर्धेत दीड-दोन मिनिटांत छाप पाडायची असते, त्यामुळे गायक सुरुवातीलाच सगळी ताकद लावून बसतो. इथे 'इट्स नॉट ओव्हर' हे पहिलंच गाणं घ्या. कडव्यात तो आवाज हातचा राखून ठेवतो आणि ध्रुवपदाला सोडतो. तो कुठे थांबलाय, तेच ऐका.

दुसऱ्या वेळी वही घ्या. माझ्या मते खरं शिक्षण इथेच आहे, म्हणून घाई करू नका. तीन गाणी निवडा. 'होम' त्याने एकट्याने लिहिलंय. 'ओव्हर यू' ब्रायन हाउजसोबत लिहिलंय. 'फील्स लाइक टुनाइट' मात्र मॅक्स मार्टिन, डॉक्टर ल्यूक आणि शेपर्ड सॉलोमन यांचं. त्यात डॉट्री फक्त गायक. प्रत्येक गाण्याचे शब्द हाताने उतरवून काढा आणि त्याने जिथे श्वास घेतला तिथे उभी रेघ मारा. मला 'होम'मध्ये ओळ आणि श्वास एकत्रच जन्मल्यासारखे वाटतात. 'फील्स लाइक टुनाइट'ची चाल जास्त घोटीव आहे, ती लगेच तोंडात बसते, पण तिथे तो दुसऱ्याच्या ओळीत स्वतःची जागा शोधतो. तुम्हाला वेगळं ऐकू आलं तर तसं लिहा. आणि हेही लक्षात ठेवा: पुढच्या वर्षी 'आयडॉल'मधून बाद होणाऱ्यांना निरोप देताना हेच 'होम' वाजायचं. आदल्या वर्षी बाद झालेल्या माणसाचं गाणं! मला अजूनही त्याने भरून येतं.

तिसऱ्यांदा हेडफोन लावून फक्त वाद्यं ऐका. निर्माता हॉवर्ड बेन्सन, ड्रम्सवर जॉश फ्रीस. 'व्हॉट आय वाँट'मध्ये गिटारवर 'गन्स अँड रोझेस' बँडचा स्लॅश आहे, ते वेगळं सांगावं लागणार नाही. 'डॉट्री' हे नाव बँडचं असलं तरी रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या वादकांनी केलं. बँड नंतर जमवला. तेव्हा बँड नाही म्हणून गाणं लिहायचं थांबलेल्यांनी हे नीट ऐकावं.

आता गिटार घ्या. ड्रम्स नाहीत, ट्रॅक नाही, नुसत्या गिटारवर 'होम' म्हणा, तुमच्या पट्टीत. त्याच्यासारखा खरखरीत आवाज काढायला जाऊ नका, आठवडाभरात घसा बसेल. मग वहीचं पान उलटून स्वतःच्या चार ओळी मराठीत लिहा आणि मोठ्याने गाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. श्वास जिथे आपोआप तुटतो, तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि पुढच्या तासाला ती वही घेऊन या.