झाडावरचं लायकेन ओळखायचंय? पाण्याचा फवारा ठेवा

लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून झालेला जीव. महाबळेश्वरात जांभूळ-अंजनीच्या खोडांवर करडे-पांढरे डाग ढीगभर, पण फोटोत सगळे सारखेच दिसतात.

१. शेजारी नाणं धरून आधी कोरडाच फोटो काढा.

२. थोडं पाणी फवारा. डाग हिरवट झाला तर बहुधा लायकेन. आतलं शैवाल दिसू लागतं.

३. भिंग लावा. सालीला घट्ट चिकटलेल्या पापुद्र्यावर मोडी गिरवल्यासारख्या काळ्या रेघा असतील तर ग्राफिस नावाचं लायकेन किंवा त्याचं भावंड. हे बहुधा गुळगुळीत सालीवर. पानासारखं सुटं, खालून काळं, कडेला तपकिरी असेल तर पार्मोट्रेमा असू शकतं (मसाल्यातलं दगडफूल याच गणातलं).

४. झाड, उंची, ऊन-सावली तिथेच लिहा.

प्रजातीचं नाव मात्र फोटोवरून ठोकू नका, त्याला बऱ्याचदा बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. आणि साल खरवडू नका, हे वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं.