ट्रेकच्या मधे कोल्हापूरला एक दिवस: शिधा कसा भरायचा

पन्हाळा-पावनखिंड-विशाळगड करून तिथंच न थांबता पुढं गगनबावडा, दाजीपूर, रांगणा करत आंबोलीकडं चालत जायचं म्हणजे मधे एकदा तरी शहरात उतरावंच लागतं, आणि त्यासाठी कोल्हापूरसारखी जागा नाही. विशाळगड बाजूनं एसटी किंवा वडाप (शेअर जीप) धरा आणि या. पण दिवस एकच हातात असतो, त्यामुळं कामं कुठल्या क्रमानं करायची ते गाडीतच ठरवा.

सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरलात की मिसळ नंतर, आधी सोल सुटलेला बूट. हे मी प्रत्येकाला सांगतो कारण बाकी सगळी कामं तासाभरात उरकतात पण सोल चिकटायला वेळ लागतो. लॉजवर सॅक टाका, बुटाचा चिखल धुवून पंख्याखाली सुकवा (ओल्या बुटाला सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा डिंक, धरतच नाही) आणि चप्पल घालून बूट शिवणाऱ्याकडं जा. चपलांचं गाव हे, सुभाषनगरात तर घरोघरी हेच काम चालतं, त्यामुळं हात चांगला असलेला कारागीर मिळतोच. त्याला नुसतं चिकटवून दे म्हणू नका, सोल्युशन लावून वर कडेनं शिलाई मार म्हणा. तो आरीनं भोक पाडतो, आतनं मेणाचा दोरा ओढून घेतो आणि प्रत्येक टाका करकचून आवळतो, तो आवळला की सोल आणि कातडं यातली फट मिटताना समोर दिसते. पुढच्या टोकाला टाके जवळजवळ घ्यायला सांगा, उतरणीला सगळा जोर तिथंच येतो. फेविक्विक अजिबात नको, ते कडक होतं आणि बूट वाकला की तडकतं. संध्याकाळी बूट आणायचा, रात्रभर तसाच ठेवायचा.

तोवर कपडे धुवा, पॉवर बँक चार्जिंगला लावा, आणि मग जेवायला जा भावांनो. तांबडा-पांढरा चापायचाच, पण दुपारी. बरेच दिवस खिचडी-पोहे खाल्लेल्या पोटाला रात्रीचा झणझणीत रस्सा दुसऱ्या दिवशी घाटात लई महागात पडतो, म्हणून रात्री साधा दहीभात. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर धार काढून म्हशीचं दूध देतात ते भारीच असतं, पण कच्च्या दुधाची सवय नसेल तर आज नको.

आता शिधा. लक्ष्मीपुरीत सगळं धान्य-किराणा एका जागी मिळतं. दुकानात शिरायच्या आधी कागदावर दिवस मांडा, नाहीतर भुकेल्या डोळ्यानं खरेदी होते आणि सॅकचं वजन उगीच वाढतं. माझा हिशोब माणशी एका दिवसाला असा: सकाळी 100 ग्रॅम पातळ पोहे, रात्री खिचडीला 100 ग्रॅम तांदूळ आणि 50 ग्रॅम मूगडाळ, दिवसभर चालताना तोंडात टाकायला 100 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि 50 ग्रॅम गूळ. हे झालं 400 ग्रॅम, वरनं चहा-साखर, दूध पावडर, तेल, राजगिरा लाडू धरून 600 च्या आसपास. म्हणजे चार दिवसाला अडीच किलो, बास. वाटेतल्या गावात कुणाच्या घरी भाकरी-आमटी मिळतेच, त्याचे पैसे मात्र आठवणीनं द्या.

शेंगदाण्यावर कंजुषी करू नका, 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. गूळ घेताना बोटानं दाबून बघा, मऊ चिकट गूळ दमट हवेत पाणी सोडतो आणि सगळी पिशवी चिकट करतो, कडक ढेप घ्या आणि खडे फोडून डब्यात भरा. ओला खर्डा पहिल्या दोन दिवसापुरताच, पुढं शेंगाची कोरडी चटणी आणि कांदा-लसूण चटणी. पोहे आणि खिचडी लॉजवरच एकेका वेळेच्या पिशव्या करून बांधा, खिचडीत मीठ-हळद आधीच घाला, अंधारात हेडटॉर्चवर माप काढत बसायला नको.

मेडिकलमधनं ओआरएस, चिकटपट्टी आणि पायाला फोड आले तर लावायचं मलम. एटीएममधनं पैसे काढून दहा-वीस-पन्नासच्या नोटा करून घ्या, पुढं रेंज नसली की ऑनलाइन पेमेंट चालत नाही.

आणि राधानगरी अभयारण्य. 1958 ला दाजीपूरला गव्यांसाठी झालेलं हे अभयारण्य, आत परवानगीशिवाय जायचं नाही, मुक्काम नाही, चूल पेटवायची नाही. परवानगीचं काम राहिलं असेल तर शनिवार-रविवार सोडून या, सरकारी ऑफिसं बंद असतात. रविवारी लक्ष्मीपुरीत आठवडी बाजार भरतो, पण बाजारासाठी परवानगी सोडू नका, सामान बाकी दिवशीही मिळतं. रात्री अंधारात गव्याच्या वाटेवर तंबू ठोकणं हे त्यालाही त्रास आणि तुमच्याही जिवाला धोका, त्यामुळं मुक्काम गावातच धरा.

परत ट्रेकच्या वाटेला जायची गाडी सीबीएसवरनं सुटते का रंकाळा स्टँड का संभाजीनगर, ते संध्याकाळी बूट आणायला जाताना चौकशी खिडकीवर विचारून ठेवा आणि पहिलीच गाडी धरा, दुसरीची वाट बघितली तर चढ भर उन्हात येतो.